सारसोळ्याचा देव परत करायला गेलो होतो

खळ्ळ!

ओल्या शिवल्यांची टोपली दगडी पाटीवर उपडी केली की होतो तो आवाज. आधी सगळ्यांचा मिळून एक, मग मागे राहिलेल्या चुकार शिंपल्यांचा टक्, टक्. आणि त्यावर एका बाईचा जाडाभरडा आवाज: "ह्यो घरचा. ह्यो शेजारचा. ह्यो येनाऱ्याचा."

शाळेत आमचे गुरुजी भुजंगप्रयात शिकवताना टेबलावर छडीने ताल धरायचे, लगागा लगागा लगागा लगागा. कविता विसरलो, कवी विसरलो, ताल राहिला. तसंच हे. त्या बाईचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, पण ती तीन वाटे घालायची त्याचा ताल अजून कानात आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावर उभा राहून हे लिहितो आहे, नात टाइप करते आहे. प्रवास मात्र नव्वदच्या दशकातला. त्यामुळे वाचणाऱ्यांनी माझ्या खुणांवर विसंबून घराबाहेर पडू नये. ते रस्तेही गेले आणि ती तिकिटंही.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर मी कशाला गेलो तेच कळायचं नाही.

बावीस वर्षांचा असताना साताऱ्याकडून मी थेट खाडीकाठच्या सारसोळ्यात प्राथमिक शिक्षक म्हणून गेलो. वाशीचा पूल तेव्हा झाला नव्हता. नेरूळ म्हणजे टेकड्या, भातखाचरं आणि पांढरी मिठागरं. चांगुणाबाई नावाच्या कोळणीच्या ओटीवर मी राहायचो. सगळं गाव तिला चांगूआय म्हणायचं. ओहोटीला ती गुडघाभर चिखलात उतरून शिवल्या काढायची आणि अंगणात आणून वाटे घालायची. तिसरा वाटा शिजवून झाकून ठेवायची, जो कोणी दारात येईल त्याच्यासाठी.

"येणारा कोण?" मी एकदा विचारलं.

"येल तो."

"आणि नाही आला तर?"

"येतो, मास्तर. भूक काय घरात बसून ऱ्हाते?"

त्या पावसाळ्यात मला हिवतापाने धरलं. शाळा बंद, अंगात दात वाजणारी थंडी. दीड महिना तो तिसरा वाटा मीच खाल्ला. पेज, कालवण, जे असेल ते. ताप उतरेना तेव्हा गावच्या लोकांनी मला होडीत घालून पनवेलच्या बाजूला पोचवायचं ठरवलं. निघताना चांगूआयने देव्हाऱ्यातला चांदीचा टाक उचलला, तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातला आणि माझ्या उशाखाली सारला. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकलेली देवाची छोटी प्रतिमा. घोडा, घोड्यावर स्वार, आणि बोटं फिरून फिरून पुसलेला चेहरा.

"ह्यो बरोबर ने. बरा झालास का आनून दे."

बरा झालो. चार महिन्यांनी. तोवर बदली साताऱ्याकडे झाली होती. पहिल्या वर्षी म्हणालो, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं. पाचव्या वर्षी लाज वाटायला लागली आणि दहाव्या वर्षी भीती. दुसऱ्याच्या घरचा देव दाबून बसलेल्या माणसाला काय म्हणतात, ते मी वर्गात मुलांना शिकवत होतो.

बायकोला, कुसुमला, मी सांगितलं होतं की टाक माझ्या आईकडचा आहे. तिने त्याला खंडोबा ठरवलं आणि दर रविवारी हळद लावली. मग त्या संक्रांतीआधी देव घासताना तिने सहज विचारलं, "अहो, हा तुमच्या आईला कुणी दिला होता?" मला का कोण जाणे, खोटं सुचलंच नाही.

सगळं ऐकून ती बराच वेळ चिंचेने तांब्या घासत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सत्तावीस वर्षं मी दुसऱ्याच्या देवाकडं आपलं मागणं मागतेय? त्याला कळलं तरी असेल का कुठल्या घरातून बोलतेय ते? जा आणि देऊन या. संक्रांत झाली की जा."

गेलो.

पहिला दिवस

साताऱ्याहून सकाळी सहाची एसटी. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता; पुणे, लोणावळा, मग घाटातून खाली खोपोली, पनवेल. शंभराच्या नोटेत तिकीट आणि दोन चहा झाले. जेवायला कुसुमने भाकरी आणि तिळाची चटणी दिली होती, आणि माझा सल्ला आजही तोच आहे: घाट उतरेपर्यंत काही खाऊ नका. डबी मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली होती. प्रत्येक वळणावर ती बरगडीला टोचायची.

पनवेल सोडल्यावर खिडकीतून पाहत होतो. खारघरचा डोंगर दिसला, पायथ्याशी मोकळं माळरान, म्हशी. (आज तिथं पंचवीस मजल्यांची घरं आहेत म्हणे, नात सांगते.) पुढे मात्र मी हरवलो. जिथं मिठागरं असायला हवी तिथं एकसारख्या इमारती उभ्या होत्या. माझ्या आठवणीतली खाडी डाव्या हाताला होती. गाडी वळली की उजव्या हाताला वाटायची. कवितेत एक सोय असते, नदी एकदा डावीकडून वाहिली की शेवटच्या कडव्यापर्यंत डावीकडूनच वाहते.

वाशीला हायवेवर तुकाराम उभा होता. माझा साताऱ्याकडचा जुना विद्यार्थी, आता कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी. पन्नास किलोचं पोतं मानेवर घेणारा हा गडी वर्गात पाढे म्हणताना रडायचा.

"गुरुजी, पिशवी द्या हिकडं. वजन काय न्हाय वो हिला!"

तुर्भ्याला त्याची एक खोली. त्याच्या बायकोने, शालनने, पिठलं-भाकरी वाढली. सहा भाकऱ्या झाल्या. पाच आम्हा तिघांना, आणि सहावी तिने वाडग्याखाली झाकली.

"कुणी यायचंय का?" मी विचारलं.

"न्हाय वो गुरुजी. येणाऱ्याचा वाटा त्यो."

मी हातातला घास ताटात ठेवला. हा शब्द साताऱ्याकडचा नाही. आमच्या गावात मी तो कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

"हे तू कुठं शिकलीस?"

"आमी आदी सारसोळ्यात भाड्यानं व्हतो न्हवं का. त्या घरातली मालकीण रोज असं काढायची. तिची सासू काढायची म्हनं. आमचं हे नवीन आले तवा काम न्हवतं, तर ह्यांनी तिथंच तर खाल्लं पंधरा दिस. मग आपली बी सवय लागली."

तुकाराम हसला. "बाजारात सगळ्यांना म्हाईत हाय गुरुजी. कुनाचं काम सुटलं की सांगत्यात, जा सारसोळ्याला, बाळाराम मालकाच्या दारात. पन रिकाम्या हातानं बाहीर येऊ नगंस म्हनत्यात."

"म्हणजे?"

"म्हंजी खाऊन आलास की तूबी काढ."

बाळाराम! चांगूआयचा धाकटा मुलगा. मी होतो तेव्हा तो पहिलीत होता, शेंबडा, आणि कवितेच्या तासाला सगळ्यात मोठ्याने ओरडायचा. "त्याची आई आहे का रे?" मी विचारलं. तुकाराम म्हणाला, "म्हातारी जाऊन धा वर्सं झाली असतील. मी तर बघितली बी न्हाय तिला."

मी डबीवर हात ठेवला. परत करायला आलो होतो, आणि जिच्याकडून घेतलं ती गेली होती. वर हा तुकाराम. त्याने तिला पाहिलं नव्हतं, आणि तिच्या वाट्याची भाकरी त्याच्या घरात वाडग्याखाली होती.

दुसरा दिवस

तुकाराम बाजारात गेला आणि मी रिक्षा केली.

"सारसोळे गाव," मी म्हणालो.

रिक्षावाला मागे वळला. "काका, सेक्टर बोला. गाव-बिव आपल्याला नाय माहीत."

"अहो, खाडीवरचं गाव. कोळ्यांचं."

"खाडी तर चारी बाजूनी हाय काका. टेन्शन नाय, नेरूळला सोडतो, पुढं विचारा."

त्याने तीन चौक फिरवले. तिन्ही सारखे. एकदा तर आम्ही ज्या रसवंतीवरून निघालो तिथंच परत आलो, आणि रसवाला मला ओळखीचं हसला. शेवटी वाळत घातलेल्या सुकटीचा वास आला आणि मी ओरडलो, "थांबवा!" नवीन शहराच्या बरोबर मधे एक जुनं गाव राहून गेलं होतं. अरुंद गल्ल्या, कौलारू घरांच्या जागी तिमजली खोल्या, पण दारापुढे तीच जाळी. रिक्षाचे अठरा रुपये झाले. घासाघीस करू नका. सुकटीपर्यंत त्याने मला आणलं होतं.

बाळारामचं घर देवळामागे होतं. खाली तो, वर भाडेकरू. दारात जाऊन मी नाव सांगितलं. चाळिशीला न आलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या बनियनमधला माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग पाठ केलेली कविता म्हणावी तसा तो आत तोंड करून ओरडला, "सुमन! लबाड मास्तर आला गं!"

त्याची बायको पदर खोचत बाहेर आली. "ह्येच? ह्येच ते लबाड मास्तर?"

"लबाड?" मी म्हणालो.

"आय तसंच म्हनायची तुमाला," बाळाराम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "मास्तर खनखनीत बरा झाला असनार नि देव दाबून बसलाय लबाड. रोज एक शिवी तुमच्या नावानं. शिवी दिली का मंग वाटा काडायची."

त्याने मला आत नेलं. देव्हारा नवा, टाइल्स लावलेला. त्यात देवी, गणपती, बाळकृष्ण, आणि मधे एक रिकामा पाट. बोटभर. त्यावर जास्वंदीचं ताजं फूल.

"ही त्याची जागा," सुमन म्हणाली. "आत्तींनी सांगितलेलं, देव पावना गेलाय. ज्याला गरज हाय त्याच्याकडं हाय. तो येईस्तो जागेला फूल घालायचं, नि दारात येल त्याला जेवाला घालायचं. देव कुनाच्या रूपात परत येल सांगता येत नाय, बोलायच्या. उपाशी आला तर काय म्हनंल?"

मी तीस वर्षं समजत होतो की मी एका घराचा देव नेला. इथं तर त्यांनी गेलेल्या देवाचाच संसार मांडला होता. माझी चोरी त्यांच्या घरी व्रत झाली होती. मला समजेना की माफी मागावी, की काय करावं. मी नुसती डबी पुढे केली.

बाळारामने माझ्या हातातच तिचं झाकण उघडलं. टाकावर कुसुमची हळद अजून होती. त्याने हात जोडले. "आमचा खंडोबा," तो म्हणाला.

"खंडोबा?" दारातून आवाज आला.

बाळारामची थोरली बहीण, हिराबाई. दोन घरं सोडून राहायची आणि नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. बातमी तिच्याकडे पोचली होती. पाटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच ती बोलायला लागली. "कसला खंडोबा रं? तो किसनदादा हाय आपला."

मग मला कळलं, आणि जे कळलं त्याने आणखी गोंधळलो. किसन या दोघांचा सर्वांत थोरला भाऊ. मी गावात येण्याआधी एकदा खाडीत गेला, तो होडीसकट परत आला नाही. हिराबाईचं म्हणणं, आईने त्याच्या नावाने टाक करून घेतला होता, आणि येनाऱ्याचा वाटा मुळात त्याच्यासाठी निघायचा. बाळारामचं म्हणणं, छे, टाक आजोबांच्या काळापासूनचा, कुलदैवत.

"तू तवा शेंबूड पुसत होतास!" हिराबाई म्हणाली.

"नि तुला आय येऊन सांगून गेली का?"

"चेहरा बघ ना!"

चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत चांदी होती. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, जणू वर्गात वाद लागला आहे आणि मास्तर निकाल देतील. "मास्तर, तुमाला काय बोलली आय?" हिराबाईने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो. "बरा झालास की आणून दे."

मग तिने टाकावरची हळद अंगठ्याने पाहिली. "ही कोनी लावली?"

"माझ्या बायकोने. सत्तावीस वर्षं, दर रविवारी."

"अगं बाय! माझ्या भावाला सत्तावीस वर्सं हळद लावली कोनीतरी?" ती हसली, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. "लग्न नव्हतं झालं हो त्याचं."

ही भानगड तिथंच संपली असती. पण टाक पाटावर ठेवायला बाळारामने डबीकडे हात नेला आणि तिने तो हात धरला.

"नको ठेवू."

"का?"

"घरात बसवलास का मेला तो. बाहेर हाय तवर जिता हाय. ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ दे."

"घरचा देव घरात नको?"

"आयनं त्याला चालता केला. तू बसवनार कोन?"

दोघेही पुन्हा माझ्याकडे वळले. आता निकाल खरंच माझ्याकडे होता, कारण डबी अजून माझ्या हातात होती. मी काय करायला हवं होतं? कवितेत अशा वेळी आकाशातून एखादी ओळ येते. माझ्या डोक्यात फक्त ताल वाजत होता, लगागा लगागा, आणि त्यात शब्द नव्हते. मी देणेकरी म्हणून आलो होतो. रिकाम्या हाताने घरी जाणं हाच माझा हेतू होता. मी डबीसकट टाक बाळारामच्या हातात दिला. घराचा कर्ता तो. त्याने फूल बाजूला केलं आणि पाटावर टाक ठेवला.

हिराबाई वळली. पाटी उचलून गेली. सुमनने तिच्यासाठी वाढलेलं ताट तसंच राहिलं.

मी जेवलो. शिवल्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. चव तीच होती, अगदी तीच.

परत

तिसऱ्या दिवशी दुपारची एसटी. आतला खिसा हलका झाला होता. पनवेलपर्यंत मी स्वतःला सांगत होतो, बरं झालं, ओझं उतरलं. घाटात आपोआप हात खिशावर जायचा. पुण्यात गाडी थांबली तेव्हा विचार आला: तो खंडोबा असेल तर मी देव परत केला. तो किसन असेल तर मी एका आईच्या मुलाला परत आणून पुरलं. दोन्ही एकाच हाताने, एकाच क्षणी. कुठलं खरं, हे सांगू शकणारी बाई शिव्या देत निघून गेली होती.

कुसुमने विचारलं, "घेतला का त्यांनी?"

"घेतला."

"रागावले?"

"नाही. म्हणजे, माझ्यावर नाही."

सगळं सांगितलं. लग्न न झालेल्या किसनचंही. ती म्हणाली, "अगं बाई, आणि मी त्याच्याकडं मुलीचं लग्न जमू दे म्हणून मागत होते." मग थोड्या वेळाने, "जमलं की पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर आमच्या देव्हाऱ्यात टाकाच्या जागी तिने झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. रिकाम्या पाटावर फूल असतं, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. लाजेने ते एवढंच मी गाळलं होतं. "हे कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "जागा मोकळी बरी दिसेना." आणि स्वयंपाक झाल्यावर मी स्वतः, कधी नव्हे तो, एक भाकरी वेगळी काढून वाटीखाली झाकली. पहिल्या दिवशी ती मांजराने खाल्ली. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने. मग रोज कोणीतरी खात गेलं.

या प्रवासातून काय मिळालं, असं कुणी विचारलं तर अजून नीट सांगता येत नाही. रस्ता विसरण्याजोगा, राहण्याची सोय विद्यार्थ्याच्या खोलीत, पाहण्यासारखा एक बोटभर पाट. चांगूआयला लिहिता येत नव्हतं. तिचा फोटो मी तिच्या घरातही पाहिला नाही. तरी तुर्भ्यातल्या खोलीत, साताऱ्यातल्या फडताळात, आणि आणखी कुठं कुठं कोण जाणे, रोज एक भाकरी झाकली जाते. काढणाऱ्यांपैकी कितीजण तिचं नाव घेत असतील? बहुतेक कोणीच नाही. यात तिचा देव कोणता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज तर प्रश्नच मोठा झाला आहे.

महिना गेला असेल. रविवारची दुपार. आम्ही नुकते जेवून उठलो होतो. कुसुम आत भांडी घासत होती. आणि आमच्या पायरीवर आवाज आला.

खळ्ळ. मग टक्, टक्.

साताऱ्यात, समुद्रापासून इतक्या लांब. मला वाटलं, वयाने कान फसवायला लागले. दार उघडलं.

पायरीवर शिवल्यांनी भरलेलं ओलं गोणपाट टेकवून घामाघूम झालेला बाळाराम उभा होता. पोट आत-बाहेर होत होतं. एका हातात तपकिरीची डबी.

"मास्तर," तो दम घेत म्हणाला, "देव आला त्या दिवसापासनं सुमनीनं वाटा काडायचा सोडला. बोलते, आला ना आता, कुनासाठी काडू? परवा बाजारातला एक मानूस दारात आला नि तसाच परत गेला. माझ्या दारातनं, मास्तर! हिराबाय तर पायरी चडत नाय. मला भात जाईना." त्याने डबी माझ्यापुढे धरली. "खंडोबा असो का दादा असो. पावना ऱ्हाऊ द्या त्याला."

मी काही बोलायच्या आत कुसुमचा आवाज आला, "कोण आलंय हो? बाहेर उभं नका करू. भाकरी झाकलेली आहे म्हणावं."